बर्फाच्या पाण्यात शून्य

३ मार्च

प्रिय मामा,

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. ही युक्ती मामीची. म्हणाली, "त्याच्या हातात पेन दे आणि बघ. मग आवरता आवरत नाही."

तर मी तुझ्या खुर्चीत बसले. अगदी तुझ्याच. आरोग्य विभागानं माणसं बदलली, फर्निचर नाही. खुर्चीचा डावा हात हलतो, आणि पेन्सिलीला टोक करता करता तू टेबलाच्या कडेला पाडलेल्या खाचा अजून तशाच आहेत. शिपाईकाकांचं यंदा शेवटचं वर्ष. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेबांची भाची का? मग हॉटेलवाल्यांचं काही खरं नाही."

पहिल्या आठवड्यात दोन बेकऱ्या, एक खानावळ आणि दवाखान्याचं स्वयंपाकघर बघितलं. तू शिकवल्याप्रमाणे आधी पुसायचं फडकं बघते, मग मोरीखालची जागा, आणि मालकाशी बोलते सगळ्यात शेवटी. तू दिलेला थर्मामीटर चामड्याच्या म्यानासकट पर्समध्ये असतो. लोकांना वाटतं मी शस्त्र बाळगते.

एक विचारायचं होतं. स्टेशनामागच्या गल्लीत मोबाइलची कव्हरं विकणारं एक दुकान आहे. त्याच्या भिंतींना छातीपर्यंत सुंदर निळ्या फरशा आहेत आणि जमिनीला नाल्याकडे नेमका उतार दिलेला. मोबाइलवाल्याला उतार कशाला हवा? कोणीतरी फार प्रेमानं ते दुकान बांधलंय. आधी तिथं काय होतं?

तुझी,
चौकशीबाई


१२ मार्च

प्रिय चौकशीबाई,

नाव सार्थ केलंस. चार वर्षांची असताना 'माशीला कोण आंघोळ घालतं' असं विचारून तू मला भंडावलं होतंस, तेव्हाच मी तुझ्या आईला म्हणालो होतो, ही आमच्या खात्यात येणार.

त्या निळ्या फरशा बर्फ्याच्या.

पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याला लहानपणापासून थंडीचं वेड. शाळा सुटली की बर्फाच्या कारखान्याबाहेर उभा राहून लाद्या मोजायचा. पुढं त्यानं आइस्क्रीमचं दुकान काढलं आणि मी शिक्के मारायच्या नोकरीला लागलो, म्हणून त्यानं माझं नाव शिक्क्या ठेवलं. त्या फरशा त्यानं आणि वहिनींनी स्वतःच्या हातांनी बसवल्या. सांध्यात घाण राहू नये म्हणून वहिनी दात घासायच्या ब्रशनं त्यांच्या रेघा साफ करायच्या. एवढं स्वच्छ दुकान मी आख्ख्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

दर शनिवारी कचेरी सुटली की मी त्याच्या पायरीवर. नव्या घाण्याचा पहिला चमचा माझा. मी डोळे मिटून चव घ्यायचो, वहिनी कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय साहेब, पास की नापास?" आणि सगळी गल्ली हसायची. समोरच्या बेकरीतून पावाचा गरम वास यायचा. तो वास आणि जिभेवरचा तो गारवा, दोन्ही एकदमच आठवतात मला. इकडे लेकाच्या गावी सगळं आहे, पण पायरीवर बसायला कुणी बोलावत नाही.

आता पुढचं ऐक, कारण नोकरीत तुलाही हे कधीतरी भोगावं लागेल. एका उन्हाळ्यात मी नेहमीसारखा तपासणीला गेलो. दुधाचं मिश्रण ठेवायचं थंड कपाट पाच अंशांच्या वर जाता कामा नये. काटा नवावर. मी दुकान त्याच दिवशी बंद केलं. दारावर नोटीस चिकटवली, चाळीस लिटर दूध माझ्यासमोर ओतायला लावलं. बर्फ्यानं एक शब्द काढला नाही. शटर खाली ओढलं आणि निघून गेला. नोटीस सात दिवसांची होती, पण ते दुकान पुन्हा उघडलं नाही. एकदा लोकांच्या मनात किंतु आला की आला.

कचेरीत माझी पाठ थोपटली गेली. मित्र असो की भाऊ, हा माणूस कुणाचा नाही, असं म्हणायचे माझ्याबद्दल. मला त्याचा अभिमान आहे, अजूनही. फक्त त्यानंतर शनिवार फार लांब वाटायला लागले.

थर्मामीटर सांभाळ. बेकरीच्या ओट्यावरून पडून त्याची काच एकदा फुटली होती. घड्याळजीनं नवी बसवून दिली, त्यानंतर त्यानं कधी कुरकुर केली नाही.

तुझा,
मामा

ता. क. मामी म्हणतेय, पत्र वजनानं विकायचं आहे का.


२५ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिपाईकाकांनाही वहिनींच्या ब्रशचं वाचून दाखवलं. ते हसले, आणि मग पत्र मागून घेऊन तेवढं स्वतः पुन्हा वाचलं.

इकडे बरं चाललंय. प्रशिक्षणात रोज नवीन काहीतरी शिकवतात. कचेरीनं मला आकडे दाखवणारा नवा थर्मामीटर दिला, म्हणून तुझा सध्या टेबलाच्या खणात ठेवलाय. जुनी वस्तू, हरवायला नको.

सहज विचारते, तो पडला ते बर्फ्यांच्या दुकानाच्या आधी की नंतर? आणि त्या दिवशी ते खरंच काही बोलले नाहीत? एवढी मेहनत घेतलेला माणूस गप्प कसा राहिला, याचंच नवल वाटलं.

मामीला म्हणावं, मुरांबा पोचला. बरणी आधी उकळून घेतली होती का हे मी विचारणार नाही.

तुझी,
चौकशीबाई


२ एप्रिल

चौकशीबाई,

बरणी उकळली होती. मामी रागावली आहे.

सहज? तू सहज काही विचारत नाहीस. लहानपणी बिस्किटाचा डबा फोडून झाल्यावर तू अशीच 'सहज' विचारायचीस की डबे कुठं मिळतात. माझा थर्मामीटर तुला जुनाट वाटतो, लोकांसमोर काढायची लाज वाटते, तर तसं सांग. मी काही रुसणार नाही. (मामी म्हणते, रुसलोय.) त्या काड्यापेटीएवढ्या नव्या यंत्राची बॅटरी भर तपासणीत संपेल, तेव्हा मामाची आठवण येईल.

पडला तो आधीच्या हिवाळ्यात. दुकान बंद केलं त्याच्या चारपाच महिने आधी. आणि बर्फ्या काही बोलला नाही हे मी लिहिलंय. पुन्हा काय लिहू?

जे असेल ते सरळ लिही.

मामा


१५ एप्रिल

मामा,

सरळ लिहिते. हे पत्र मी दोनदा फाडलंय.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं की आपलं उपकरण आधी तपासायचं. पेल्यात बर्फाचा चुरा घ्यायचा, थोडं पाणी घालायचं, दांडी बुडवून काटा स्थिर होऊ द्यायचा. शून्य दाखवायला हवं. तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी कौतुकानं तुझा थर्मामीटर तसा बुडवला. काटा चारावर थांबला. मी बर्फ बदलला, पेला बदलला. चारच. कचेरीतली आणखी दोन उपकरणं त्याच पेल्यात घातली, दोन्ही शून्यावर. घड्याळजीनं काच बसवताना काटा अंदाजानं लावला असणार. तबकडीच्या मागं तो जुळवायला एक छोटा नट असतो, तो कुणी फिरवलेलाच नाही.

उपकरण नंतर कधीतरी बिघडलं असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. म्हणूनच तुला ते 'सहज' विचारलं. तू हिवाळा म्हणालास.

मग मी जुनी फाइल काढली. ती काढायला नको होती असं आता वाटतं. त्यात बर्फ्यांचा अर्ज आहे, निळ्या शाईत, नोटिशीनंतर चार दिवसांनी दिलेला. 'कपाट पाच अंशांवर होते. साहेबांनी आपले उपकरण बर्फाच्या पाण्यात घालून पाहावे, एवढीच विनंती.' आणि बाजूला तुझ्या अक्षरात: 'नेहमीची सबब. दफ्तरी दाखल.'

अजून एक. त्याच उन्हाळ्याच्या नोंदवहीत आणखी पाच दुकानांच्या कपाटांपुढं आठ आणि नऊ लिहिलंय. त्या सगळ्यांना लेखी समज आणि पंधरा दिवसांची मुदत. त्याच दिवशी टाळं फक्त एका दुकानाला.

मामा, मी तुझ्यामुळे या नोकरीत आले. तुला दुखवायला मी हे लिहिलेलं नाही, पण मला माहीत असून तुला माहीत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

तुझी,
चौकशीबाई


३० एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र नाही. फोन केला तर मामी म्हणाली, तो बागेत आहे. तुमच्याकडे बाग नाही, दोन कुंड्या आहेत.

रागव, पण लिही.

तुझी,
चौ.


२९ मे

प्रिय चौकशीबाई,

तुझ्यावर रागावलो नाही. आधी रागावलो होतो, आठवडाभर. पोरगी चार दिवस नोकरी करते आणि मला बर्फ शिकवते, असं मामीपाशी बडबडलो. मामीनं तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला फाइल उघडावी लागली नाही. ती तेव्हाही मला म्हणाली होती, एकदा जाऊन ये त्याच्याकडे.

आता मी लपवलेलं लिहितो. बर्फ्या गप्प राहिला नव्हता.

काटा नवावर बघून तो हसला होता. त्याला गंमतच वाटली. म्हणाला, "शिक्क्या, ते यंत्र एकदा बर्फात घालून बघ. बर्फाला इथं तोटा आहे का?" आणि खरंच, माझ्या कोपराजवळ बर्फानं भरलेली टाकी होती. हात लांब केला असता तरी पुरलं असतं. पण गल्लीतली पाचसहा माणसं दारात जमली होती. त्याच आठवड्यात कचेरीत कुणीतरी बोललं होतं की साहेब दर शनिवारी तिथं फुकट चापतात, ते दुकान काय तपासणार. ते माझ्या डोक्यात घुमत होतं. मी म्हणालो, "शिक्क्या म्हणायचं नाही. मी ड्यूटीवर आहे."

त्यानंतर मात्र तो एक शब्द बोलला नाही.

म्हणजे यंत्र चुकलं हे खरं, पण मुदत यंत्रानं नाकारली नाही. ती मी नाकारली. अनोळखी माणसाला मी पंधरा दिवस दिले असते. मित्र होता म्हणून दिले नाहीत. मी कुणाचा नाही हे गावाला दाखवायचं होतं, आणि दाखवायला मला तोच सापडला. सव्वीस वर्षं मी याला अभिमान म्हणत आलो.

बाकीचा हिशेबही मांडून झालाय. काटा चार पुढं, म्हणजे थंडवाल्यांना मी उगाच पकडलं आणि गरमवाल्यांना उगाच सोडलं. गरम अन्न निदान साठ अंशांवर हवं; खानावळीतलं जे वरण मी साठ अंशांचं म्हणून पास केलं, ते छप्पन्नच असणार. कुणाच्या पोटात दुखलं नाही हे त्या गावाचं नशीब. मामी म्हणाली, गावाचं नाही, तुझं.

मी बर्फ्याला पत्र लिहायला बसलो होतो. मामीनं कागद काढून घेतला. म्हणाली, "नोटीस लावायला स्वतः गेला होतास ना? मग आता पण स्वतः जा." तो आहे का, कुठं राहतो, ओळख देईल का, काहीच माहीत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो रस्त्यात दिसला की मीच पलीकडच्या बाजूला जायचो. पत्ता मिळाला तर कळव.

मामा


६ जून

प्रिय मामा,

पत्ता शिपाईकाकांनी दिला. बर्फाच्या जुन्या कारखान्यामागची चाळीस पायऱ्यांची इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. दुकानानंतर ते त्याच कारखान्यात पर्यवेक्षक होते, तिथूनच निवृत्त झाले. आता एकटेच असतात म्हणाले. मी भेटायला गेले नाही. ते तुझं काम आहे.

तू येशील त्या आठवड्यात मी नेमकी प्रशिक्षणाला परगावी असेन. वाईट वाटतं, पण कदाचित बरंच आहे. किल्ली शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे आहे. माझा फ्रिज तपासू नकोस.

काल माझ्या हातून पहिलं दुकान बंद झालं. चीजचं होतं. मापायच्या आधी मी मालकालाच बर्फ आणायला सांगितला आणि त्याच्यासमोर थर्मामीटर बुडवला. शून्य त्यानं स्वतः वाचलं. मग कपाट. अकरा. तो भांडला नाही, पण मला रात्रभर बरं वाटलं नाही. तुला हे सांगावंसं वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगून कळलं नसतं.

सांभाळून ये. पायऱ्या हळू चढ.

तुझी,
चौकशीबाई


२१ जून

प्रिय चौकशीबाई,

तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितोय. फ्रिज तपासला. दुधाची पिशवी दारात ठेवू नये, दार सतत उघडतं, आत मागं ठेवावी. एवढंच.

काल सकाळी गेलो. पायऱ्या चाळीस नाहीत, त्रेचाळीस आहेत. मी वहिनींसाठी मोगऱ्याचं रोप नेलं होतं. तू 'एकटेच' असं लिहिलं होतंस, पण ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी वाटेत दोघांना उद्देशून काय बोलायचं ते पाठ करत होतो.

दार त्यानंच उघडलं. केस सगळे गेलेत, डोळे तेच. दार धरूनच म्हणाला, "जाड झालास." मी म्हणालो, आत येऊ का. तो म्हणाला, "तपासणी आहे का?" मी नाही म्हणालो. मग त्यानं बाजूला होऊन वाट दिली.

पाठ केलेलं सगळं विसरलो. बसायच्या आधीच सांगून टाकलं. काटा चार पुढं होता, तुझं कपाट पाचावर होतं, तू सांगितलंस ते मी केलं नाही, आणि इतरांना दिली ती मुदत तुला मुद्दाम दिली नाही. तो ऐकत होता. म्हणाला, "पाच होतं हे मला माहीतच होतं. माझं कपाट मला माहीत नसेल?" त्यानं चहा टाकला. दोघांच्या बश्यांत चहा सांडला आणि दोघांनी पुसला नाही.

मी म्हणालो, दुकानाचं वाईट वाटतं रे. तर म्हणाला, "दुकानाचं मला तीनचार वर्षं वाटलं. मग कारखान्यात रमलो, लाद्या मोजायचं काम होतं, आवडीचं. तू येत नाहीस याचं मात्र वाटायचं. नोटीस लावलीस त्यानंतरच्या शनिवारी आम्ही दोघं घरी तुझी वाट बघत होतो. म्हटलं, साहेब येऊन गेला, आता शिक्क्या येईल." मला वाटायचं, तो माझं तोंड बघणार नाही. आणि त्याला वाटायचं, मी त्याला खरंच घाणेरडा समजलो. सव्वीस वर्षं आम्ही असे, त्यातली बरीचशी एकाच गावात.

मग मी रोप पुढं केलं आणि विचारलं, वहिनी कुठं आहेत.

आठ वर्षं झाली त्यांना जाऊन. मला कुणी कळवलं नाही, आणि कुणी का कळवावं? बर्फ्यानं रोप माझ्या हातून घेऊन खिडकीत ठेवलं. मग म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी सकाळी कपाटातून दूध काढायला ती गेली होती. तू नऊ म्हणालास ना, तेव्हापासून तिनं मनात घेतलं की दार आपल्याकडूनच उघडं राहिलं. मी लाख वेळा सांगितलं, अगं यंत्र चुकलंय त्याचं. तिला वाटायचं, मी तिची समजूत घालतोय. म्हणायची, साहेब इतके काटेकोर, त्यांचं यंत्र कसं चुकेल? शेवटी दवाखान्यात होती तेव्हाही नर्सनं औषधांचं कपाट उघडलं की हिचं सुरू, बाई, दार नीट लाव."

चौकशीबाई, मी आयुष्यात पुष्कळ माणसांना मान खाली घालून उभं केलंय. काल माझी पाळी होती. त्या बाईनं ब्रशनं फरशीच्या रेघा घासल्या, आणि माझ्या एका आकड्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवून गेली. मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही, रडलो.

बर्फ्या उठला. माझा दंड धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेला. तिथं भिंतीवर वहिनींचा फोटो आहे, कमरेवर हात ठेवलेला. म्हणाला, "मी सांगून तिला कधी पटलं नाही. तू सांग."

मी हात जोडले. म्हणालो, "वहिनी, दार नीट लागलेलं होतं. कपाट पाचावर होतं. चूक माझी होती."

मागून बर्फ्या म्हणाला, "जरा मोठ्यानं बोल. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

मी पुन्हा मोठ्यानं बोललो.

तुझा,
मामा